घासलेलं हेड

आम्ही दोघं भाऊ वडिलांच्या एकाच शेडमध्ये मोटारसायकली खोलायला शिकलो. वडील गेल्यावर धाकट्यानं सांगलीत डायनो टाकला, मी आष्ट्याच्या गॅरेजात राहिलो. डायनो म्हणजे जमिनीत बसवलेला रूळ. मागचं चाक त्यावर ठेवायचं, गाडी पट्ट्यांनी आवळायची आणि जागच्या जागी पळवायची. इंजिनाची ताकद पडद्यावर दिसते. तिच्या हिशेबानं पेट्रोल आणि स्पार्कची वेळ लावायची. माझं काम म्हणजे अंदाजपंचे, असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. मी त्याला टायपिस्ट म्हणायचो.

दोन वर्षांपूर्वी कुंडलचा एक फौजी सुट्टीवर आला. सुट्टी संपल्यावर त्याला आपल्याच गाडीवरून पुण्याला हजर व्हायचं होतं. मी त्याच्या इंजिनात मोठा पिस्टन घातला, व्हॉल्व्ह हलवणारा कॅम बदलला आणि हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, लेथवर घासून घेतलं. हेड घासलं की आतला दाब वाढतो, गाडी उसळते. पण मग स्पार्कची वेळ मागे घ्यावी लागते, नाहीतर पिस्टन जळतो. हे मला पक्कं ठाऊक होतं.

सांगलीत गाडी रुळावर चढवताना भावानं विचारलं, "हेड घासलंयस का?"

"एवढं मोठं मशीन हाय, त्येला इचार की," मी म्हणालो. फौजी हसला.

"दादा, नीट सांग."

"न्हाई घासलं."

गिऱ्हाइकासमोर त्याचं यंत्र एकदा तरी चुकावं, एवढीच माझी इच्छा होती. याहून मोठं कारण मी पुष्कळ शोधलं. सापडलं नाही.

तिसऱ्या खेपेला त्यानं एकदम थ्रॉटल सोडला. "बारीक टकटक येतीया. तुझा कान माझ्यापेक्षा चांगला हाय. काय हाय ते?"

त्याच्या तोंडून माझं कौतुक मी कित्येक वर्षांनी ऐकत होतो. ती टकटक घासलेल्या हेडाची, वाढलेल्या दाबाची, हे मला पहिल्या खेपेलाच कळलं होतं.

"व्हॉल्व्हचं टॅपेट हाय," मी म्हणालो. "नवा कॅम हाय, वाजणारच. त्यानं काय बिघडत न्हाई."

त्यानं विश्वास ठेवला.

फौजी निघाला आणि भर उन्हात उंब्रजजवळ इंजिन जाम झालं. मागचं चाक अडकलं, तो फेकला गेला, मनगट मोडलं. गाडी टेम्पोतून माझ्याकडे आली. पिस्टनला आरपार भोक होतं. मी हेड पोत्यात गुंडाळून कपाटाखाली सरकवलं.

हात प्लॅस्टरमध्ये घेऊन फौजी सांगलीला गेला. मीही बरोबर गेलो. हेही मला लिहिलंच पाहिजे.

"कम्प्युटरवाल्या," तो गिऱ्हाइकांसमोर ओरडला, "आमच्यात आसा नेम लावला तर वर्दी उतरवत्यात! ह्या हातानं आता रायफल उचलून दाव!"

भाऊ माझ्याकडे बघून म्हणाला, "ते हेड आण."

"भंगारात दिलं."

"चार दिसांत?"

"व्हय. स्वतःची चूक माझ्या हेडात शोधू नगंस."

त्यानंतर कुंडल-पलूसकडची गाडी त्याच्याकडे जाईनाशी झाली. त्यानं माझ्याशी बोलणं सोडलं. आईच्या वर्षश्राद्धालाही तो माझ्या पंक्तीला बसला नाही, आणि मी पाहुण्यांना सांगत राहिलो, "लय गर्व हाय त्येला."

गेल्या महिन्यात पोतं घेऊन सांगलीला गेलो. हेड त्याच्या टेबलावर ठेवलं. त्यानं सपाट बाजूवर पट्टी टेकवली, मापं घेतली, पुन्हा घेतली. मी माफीचे शब्द जुळवत होतो.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "मला सांगून काय उपेग? मी दोन वर्षं ती टकटक ऐकतोय."

त्यानं मोबाइल काढला, नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन माझ्यासमोर सरकवला. फौजीचा नंबर होता.

"आता ह्येला सांग. टॅपेट म्हणालास तर फोन तोंडावर मारीन."

पलीकडून आवाज आला, "कोण बोलतंय?"

मी आधी माझं नाव सांगितलं. मग हेड मीच घासल्याचं.