बिनमार्कांचा फोटो

रस्त्यात ओळखीचं कुणी भेटलं की आपण आधी त्याच्या तोंडाकडं बघतो. आमचे सर पोटाकडं बघायचे. मग उजवा पंजा फळा पुसल्यासारखा हवेत आडवा फिरवायचे आणि विचारायचे, "साफ?"

सलाम, नमस्कार, घरचे कसे आहेत, हे सगळं त्या उत्तरानंतर. त्यांना बघून बायका बोळात वळायच्या. पुरुष उगाच चपलेचा अंगठा तपासत उभे राहायचे. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेलच. एरवी त्याला टाळायचं आणि पोटात कळ उठली की त्याचंच दार वाजवायचं.

सर मूळचे नांदेडचे. घरचा टेम्पोचा धंदा, पण यांनी गणित धरलं आणि लातुरात आमच्या शेजारी येऊन शिकवणी काढली. शिकवण्यांचा नुसता पूर आला होता तेव्हा. भूकंपानंतर जे लोक स्लॅबखाली झोपायला भीत होते, तेच आता दुसरा मजला चढवून बाहेरगावच्या पोरांना कॉटवर कॉट भाड्यानं देत होते. मुदखेड, माहूर, लोहा, कुठून कुठून पोरं यायची. खानावळीचं तेल आणि परीक्षेची धास्ती, दोन्ही एकाच पोटात. मग काय होणार?

वर्गात पोरानं दोन बोटं वर केली की बाकीचे शिक्षक मानेनं 'जा' म्हणायचे. सर खडू खाली ठेवायचे. "पाण्यासारखी का घट्ट? रक्त बिक्त? ताप?" वर्ग फिदीफिदी हसायचा. सर हसू द्यायचे. पोरींना मात्र हेच प्रश्न त्यांच्या बेगम आत बोलावून विचारायच्या, आणि त्या सरांहून कडक होत्या.

निकालाच्या बाबतीत मात्र या माणसाला दयामाया नव्हती. एका पोरानं सांगितलं, "सर, आजी वारली." सर म्हणाले, "अफसोस आहे बेटा. माती सकाळी आहे ना? मग टेस्टला येशील. टेस्ट दुपारी आहे."

मी पाटबंधारे खात्यात कारकून. मला जगात 'साहेब' म्हणणारे सर एकटेच. एकदा सकाळी मी संडासातून बाहेर आलो तो मृत्युपत्राचा मजकूर जुळवतच. सगळं लाल! बायकोला काही बोललो नाही. ती घाबरेल म्हणून नव्हे, घाबरणार नाही म्हणून. सरळ सरांकडं गेलो.

"सर, संपलं."

"काय संपलं, साहेब?"

"रक्त पडलं."

"दुखतंय?"

"मनात."

"रात्री काय खाल्लं?"

मी आठवत होतो तेवढ्यात कंपाउंडच्या भिंतीपलीकडून बायको ओरडली, "बीट! वजन कमी करायचंय म्हणून पातेलंभर खाल्लंय त्यांनी!"

सरांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. पण हसू ओसरल्यावर त्यांनी माझा दंड धरला. "आता बीट बंद. त्यानंतरही लाल दिसलं तर माझ्याकडं नाही यायचं, डॉक्टरकडं जायचं. मूळव्याधच असंल असं आपलंच ठरवून बसायचं नाही." आणि मग त्यांचं नेहमीचं वाक्य, "काय झालं ते डॉक्टर सांगतील. कधी जायचं, तेवढं आपलं काम. लोक तेवढंच करत नाहीत."

गल्लीतल्या एका रिटायर्ड गुरुजींना याच वाक्यावर त्यांनी रिक्षात घातलं होतं. गुरुजी गुडघ्यासाठी रोज दुखीच्या गोळ्या खात आणि डांबरासारखं काळं होतंय हे सगळ्यांपासून लपवून ठेवत. पोटातली जखम वाहत होती. बरे झाल्यावर गुरुजी सरांवर रुसून बसले, का, तर त्यांनी हे बायकोसमोर विचारलं.

आता रेणूचं सांगतो. रेणू माझी भाची. माझी थोरली बहीण, तिला आम्ही अक्का म्हणतो, लोह्याजवळ शेती करते. पोरगी गणितात अशी तेज की अक्कानं तिला बारावीला माझ्याकडं ठेवली आणि सरांच्या हवाली केली. सर तिचा पेपर तपासताना लाल पेन उघडायचेच नाहीत. निकालानंतर शिकवणीवर लावायच्या फ्लेक्सची त्यांनी आधीच आखणी केली होती. नवीनच निघाले होते तेव्हा फ्लेक्स. मधोमध मोठी चौकट, ती रेणूची. समोरच्या शिकवणीवाल्यांना आणि आमच्या सगळ्या गल्लीला हे माहीत होतं. मी तर ऑफिसात पेढ्यांचं कबूल करून बसलो होतो.

बोर्डाचा गणिताचा पेपर होता त्या दिवशी सकाळी पोरगी गुडघे पोटाशी घेऊन कॉटवर पडलेली. आदल्या दिवसापासून जेवली नव्हती. उलट्या करत होती.

"परीक्षेचं भ्या हाय," माझी आई म्हणाली. "कोठा जड झालाय. एरंडेल दिते चहात, घटकाभरात मोकळी हुतीय."

मलाही पटलं. मी हॉलतिकीट खिशात घालून स्कूटर पुसत होतो. आई कप घेऊन आली आणि तिच्या मागोमाग सर. परीक्षेच्या दिवशी ते केंद्रावर जाऊन प्रत्येक पोराच्या पाठीवर थाप मारायचे. रेणूला आमच्याकडूनच घेऊन जाणार होते. त्यांनी पोरीच्या पोटाकडं बघितलं. पंजा फिरवला नाही.

"बेटा, साफ झालं का?"

"सर, पोरीला आसं पुसत्यात का?" आई म्हणाली. "मामा हुबा हाय तिचा."

"मामाला भिंतीकडं तोंड करू द्या, मावशी. मी तर पुसणार."

मी भिंतीकडं तोंड केलं. भिंतीवर कॅलेंडर होतं, ते वाचायला लागलो.

"कालपासून न्हाई, सर," रेणूचा आवाज.

"वारा सरतो?"

कॉट करकरली. मग बारीक, "न्हाई."

"उलटी कशी? खाल्लेलं पडतं?"

"आता हिरवी पडून राहिलीय."

"दुखणं सारखं का येऊन-जाऊन?"

"येतं. मग जरा थांबतं. परत येतं, मोठं."

बायको म्हणाली, "पोट बघा ना सर, सलवारीची नाडी बसंना तिची."

"पोटाचं ऑपरेशन कधी झालं होतं का?"

"लहानपणी की," आई म्हणाली. "अपेंडिक्सचं. नांदेडला."

सरांनी आईच्या हातातून कप घेतला आणि खिडकीत ठेवला. "मावशी, खालून पाइप बंद असंल आणि वरून जोरात पाणी सोडलं, तर काय होतं?"

आई खालीच बसली.

"एक घोट पाणी पण नाही द्यायचं. रिक्षा बोलवा."

"सर," मी म्हणालो, "पेपर अकराला आहे. दवाखान्यात दाखवून येताना—"

"साहेब, पेपर बुडला."

ज्या माणसानं आजीच्या मातीतून पोरगं टेस्टला बसवलं, तो हे बोलत होता. फ्लेक्सची मधली चौकट ज्याची होती, तोच. हे पोरीच्या आईला सांगायचं कुणी? मी फोन लावला आणि नुसता 'हॅलो, हॅलो' करत राहिलो. सरांनी रिसीव्हर घेतला.

"अक्का, पोरीचा पेपर बुडतोय. वर्ष पण जाईल. ऑपरेशन लागंल असं वाटतं. माझ्या जिम्मेदारीवर घेऊन चाललो."

पलीकडून अक्काचा आवाज मला इथपर्यंत ऐकू आला. "सर, तुमी हाव ना तितं? मग मला काय पुसता? निघा."

परीक्षेचं केंद्र दवाखान्याच्या वाटेवरच होतं. फाटकाशी सरांची सगळी पोरं थापेसाठी थांबलेली. रिक्षा बघून त्यांनी हात वर केले. सरांनी रिक्षावाल्याच्या खांद्यावर बोट ठेवलं, थांबू नको.

"सर, मी बसते पेपरला," रेणू कण्हत म्हणाली. "सोसंल मला."

"तुला गणित येतं ते मला माहीत आहे," सर म्हणाले. "बोर्डाला पुढच्या वेळी सांगू."

सर्जननं पोट चाचपलं, एक्स-रेचा फोटो काढला आणि पहिला प्रश्न विचारला, "काही जुलाबाचं दिलं नाही ना?" मी सरांकडं बघितलं. सर चष्मा पुसत होते. पोरीला लगेच आत घेतलं.

बाहेरच्या बाकड्यावर सरांनी मला ती गोष्ट सांगितली. एकदाच, आणि परत कधी नाही. भूकंप झाला तेव्हा त्यांचे थोरले भाऊ नांदेडहून टेम्पो घेऊन गेले होते. जाताना भाकरी भरून न्यायचे, गावांतून जखमी उचलून तंबूतल्या डॉक्टरांपर्यंत पोचवायचे. तिथंच त्यांचं पोट दुखायला लागलं. काही साफ होईना, उलट्या सुरू झाल्या. सगळ्यांचीच पोटं बिघडलेली, कुणाची पाण्यानं, कुणाची भीतीनं, त्यामुळं कुणाला वेगळं वाटलं नाही. कुणीतरी एरंडेल पाजलं. सोबतचा माणूस म्हणाला, डॉक्टरला सांगा. तर भाऊ म्हणाले, "लोगां के घरां गए, मैं पेट का क्या रोऊं?"

"रोज डॉक्टरच्या तंबूच्या दारापर्यंत जायचा, साहेब," सर म्हणाले. "दुसऱ्यांना घेऊन. डॉक्टर त्याच्या हातातून माणूस घ्यायचे, हा मागं फिरायचा. आतडं पिळलं होतं. शेवटी त्यालाच उचलून नेला, तर उशीर झाला होता. डॉक्टर म्हणाले, कालसुद्धा हा इथंच उभा होता की." मग म्हणाले, "त्याला कुणी पुसलं नाही. मी पण नाही. मी आलो होतो त्याला भेटायला. आम्ही भूकंपाचं बोललो."

मी आयुष्यात पहिल्यांदा आपण होऊन सरांचा हात धरला.

सर्जन बाहेर आले ते टोपी काढतच. जुन्या ऑपरेशनच्या जागी एक पट्टा तयार झाला होता, त्यात आतडं अडकून काळपट पडायला लागलेलं. पट्टा कापला, वर गरम पाण्याची फडकी ठेवली आणि वाट बघितली. "गुलाबी झालं," ते म्हणाले. "कापावं लागलं नाही. पेपर देऊन आली असती तर वेगळं बोललो असतो."

सरांनी घड्याळात बघितलं. पेपर अजून चालू होता. "जातो," म्हणाले, "पोरं सुटतील आता. अवघड गेला असंल तर रडतील." निघताना नर्सला बजावून गेले, "पोरगी वारा सरला म्हणाली की मला फोन करा." नर्स लाजली. पण फोन केला तिनं, आणि ती बातमी आमच्या गल्लीत निकालासारखी फिरली.

निकाल लागला आणि फ्लेक्स चढला. आम्ही सगळे बघायला गेलो. कडेनं हसरी पोरं, प्रत्येकाखाली लाल आकड्यांत टक्के. आणि मधोमध मोठ्या चौकटीत आमची रेणू. खाली जागा कोरी. छापणारा म्हणाला होता म्हणे, "सर, नापासाचा फोटो कुणी लावतं का?" सरांनी स्टूल आणलं, काळ्या ऑइलपेंटचा डबा आणला आणि त्या कोऱ्या जागेत स्वतःच्या अक्षरात लिहिलं. गणिताच्या मास्तराचं अक्षर ते, एक रेघ सरळ नाही.

'वेळेवर पोचली.'

समोरच्या शिकवणीवाले हसले. हसू देत. त्या वर्षी लातुरात फ्लेक्स खूप लागले, पण आमच्या गल्लीची मान ताठ केली ती याच एकानं. मी ऑफिसात पेढे वाटले. कशाचे, असं विचारलं की म्हणायचो, "भाची गुलाबी झाली."

पुढं रेणूनं ऑक्टोबरात गणित दिलं, नांदेडला इंजिनिअरिंग केलं आणि आमच्याच खात्यात आली. मला साहेब म्हणणारे सर नांदेडला परत गेले आणि मी भाचीला मॅडम म्हणायला लागलो. माझ्या रजेच्या अर्जावर तिची सही असते. कारण 'पोटदुखी' लिहिलं की ती चार प्रश्न विचारल्याशिवाय सही करत नाही. भर ऑफिसात.

सर गेले मागच्या वर्षी. हृदयानं गेले. पोटाचा काही संबंध नव्हता, हे मुद्दाम सांगतो, कारण माझ्याही मनात पहिल्यांदा तेच आलं होतं. मातीहून येताना मी आणि रेणू लोह्याला अक्काकडं उतरलो. निकालाचा मोसम संपल्यावर अक्कानं तो फ्लेक्स सरांकडून मागून आणला होता. तेव्हापासून तो तिच्या कडब्याच्या गंजीवर बांधलेला आहे, छापील बाजू रस्त्याकडं करून.

"आई, ताडपत्री आणून देते तुला," रेणू म्हणाली. "फाटलंय की हे."

"काय करायची ताडपत्री?" अक्का म्हणाली आणि सुटलेल्या कोपऱ्याची दोरी ओढून खुंटीला बांधायला लागली.

उन्हानं पोरांचे चेहरे पांढरे पडलेत, रेणूचासुद्धा. लाल आकडे तर एकही उरलेला नाही, कुणाला किती पडले होते ते आता कळत नाही. तेवढं ऑइलपेंटचं काळं, वाकडं अक्षर मात्र लोह्याच्या रस्त्यावरून जाणाऱ्या एसटीतूनसुद्धा वाचता येतं.