नरक चतुर्दशी, सकाळी अकरा

दिल्लीतल्या आमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये नरक चतुर्दशीला पहाटे साडेचारला दिवा लागायचा तो फक्त आमच्या घरी. शेजारीपाजारी गाढ झोपेत, आणि बाबा उटण्याची वाटी घेऊन माझं पांघरूण ओढत. सूर्य उगवल्यावर आंघोळ करणारा म्हणे नरकात जातो. वर्षातून एकदा हे चाललं असतं. बाबांनी रोजच नरक चतुर्दशी केली. मला रात्री दोनच्या आत झोप लागत नसे, डोळे कितीही घट्ट मिटले तरी. सकाळी ते तोंडावर पाणी मारत आणि म्हणत, "कुंभकर्णाची अवलाद!" अवलाद कुणाची, हे विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही.

पुढे गुडगावात काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि परदेशाच्या वेळेवर चालणाऱ्या एका कंपनीत मला नोकरी लागली. संध्याकाळी कॅब न्यायला यायची. मला आळशी म्हणणारं तिथे कुणी नव्हतं, उलट बढती मिळाली. वाटलं, सुटले.

सुटले कसली! लेक तेरा वर्षांची झाली आणि तिचं तेच सुरू झालं. शाळेची बस सव्वासहाला. आणि मी, हे सगळं भोगलेली बाई, तिच्या तोंडावर पाणी मारू लागले. एकदा शाळेच्या डायरीत बाईंचा शेरा आला: मुलगी आळशी आहे. सही करायला गेले तर खाली लेकीच्या अक्षरात लिहिलेलं: हो, आहे.

त्याच आठवड्यात तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी झोपेची नोंद ठेवायला लावली आणि मग सांगितलं, "हा आळस नाही. शरीराचं घड्याळ जनुकं चालवतात. त्यांत फरक असला तर ते मागे पडू शकतं, आणि घराण्यात उतरू शकतं. तुमच्याकडे आणखी कोणाला आहे?"

बाबा तेव्हा आमच्याकडेच राहत. त्यांना विचारलं. पेपरमधून मान वर न करता ते म्हणाले, "मला तरी कुठे दोनच्या आत झोप लागते? जन्मात लागली नाही. चुपचाप पडून राहायचं. माझे वडील तर छडी मारून उठवायचे."

माझं डोकंच फिरलं. "म्हणजे कसं वाटतं ते तुम्हाला बिल्कुल माहीत होतं, बाबा? आणि तरी पाणी मारायचात?"

"अगं, दुनिया सकाळी चालते. तुला सवय नको लागायला?"

सवय! जन्मभर ऑफिसात लाल डोळ्यांनी बसलेला माणूस मला सवयीचं सांगत होता. मला त्यांचा राग आला, शाळेचा आला, पण सगळ्यात जास्त स्वतःचा आला. कारण लेकीच्या तोंडावर मारायला बाथरूममधला पाण्याचा मग त्या सकाळी मीच भरला होता.

त्या दिवाळीत गजर लावून उठलेले बाबा वाटी घेऊन नातीच्या खोलीशी आले. मी दारात आडवी उभी राहिले.

"तिला उठवायचं नाही."

"नरकात जाईल पोर."

"जाऊ दे. आपण तिघं एकदमच जाऊ."

वाटी माझ्या हातात देऊन बाबा आपल्या खोलीत गेले.

अकराला लेक उठली, तरी बाबांचं दार बंदच. घाबरून उघडलं, तर ते तोंड उघडं टाकून घोरत होते. मला दया यायला हवी होती. आली ती चीड. एवढंच तर हवं होतं, आम्हा तिघांनाही.

लेक कुजबुजली, "आजोबांना उठवू?"

"खबरदार," मी म्हणाले.