चार फुटांची वाट

वसईतल्या सांडोरच्या सेबेस्टियनकाकांनी १९९६ साली घरालगतची केळीची वाडी बिल्डरला विकली. कागदावर विहीर होती, नारळाची झाडं होती. वाट नव्हती. वाडीतून पलीकडच्या मोठ्या रस्त्याला जाणारी पायवाट काकांच्या आजोबांच्याही आधीची. सगळ्या गल्लीची शाळा, चर्च, एसटीचा थांबा त्याच वाटेने. पण सांडोरात वाट कधी कुणी लिहून घेतली नव्हती. वाडी कुणाचीही असो, माणसं जायचीच. शेजारच्या क्लाराबाईंनी विचारलं, तेव्हा काकांनी बिनधास्त शब्द दिला, वाट राहील.

वाडीत इमारत झाली. तिसऱ्या मजल्यावर कौस्तुभ राहायला आला. नुकताच मराठी घेऊन बी.ए. झालेला. त्या वाटेनेच तो काकांकडे चहाला जायला लागला.

दोन वर्षांनी सोसायटीने वाटेवर आडवी भिंत घातली. मीटिंगमध्ये चोऱ्यांवर बोलणं झालं, वाटेवर नाही. कौस्तुभही गप्प बसला. दोन मिनिटांच्या वाटेला पंचवीस मिनिटांचा वळसा पडला. वसईत रोज नवा रस्ता होत होता आणि ही गल्ली बंद झाली होती. क्लाराबाईंचे गुडघे गेलेले, त्यांची चर्चमधली सकाळची मिस्सा सुटली. काकांना त्या काही बोलल्या नाहीत. नुसत्या ओट्यावर येऊन बसायच्या. तेच काकांना सोसेना.

भिंत काकांच्या घराला येऊन टेकली होती. घराचं तोंड गल्लीकडे, पाठ मोठ्या रस्त्याकडे. एका सोमवारी त्यांनी गवंडी बोलावला.

"माझं स्वयंपाकघर अर्धं होईल," त्यांची बायको मार्गारेट म्हणाली.

"तू तरी कुठे अख्खं वापरतेस?"

ती हसली नाही. पण भांडी हलवायला लागली.

पुढच्या आठवड्यात कौस्तुभ काकांकडे जायला मोठ्या रस्त्याने वळसा घालून निघाला आणि काकांच्या मागच्या अंगणाशी थबकला. घराची मागची भिंत फोडून दार केलं होतं. दारातून आरपार गल्ली दिसत होती. डाव्या हाताला शेगडी, उजव्या हाताला येशूच्या मूर्तीचा अल्तार, मध्ये चार फूट मोकळे. त्यातून मुलं दप्तरं घेऊन गेली. पाचूबंदरची कोळीण टोपली सांभाळत गेली. क्लाराबाई अल्तारापाशी छातीवर क्रूसाची खूण करून रस्त्याला लागल्या. मार्गारेटबाई भाजी चिरत होत्या, त्यांनी मानही वर केली नाही.

कौस्तुभ उंबऱ्याशी वाकून चपला काढू लागला.

"राहू दे रे पायात," काका आतून म्हणाले. "रस्ता आहे हा. चल पुढे, मागे लोक थांबलेत."