कॉम्प्युटरची खंडेनवमी

आमच्या घरातला कॉम्प्युटर मी पूजा करून मारला.

आई गेली तेव्हा तिचा आवाज मागे राहिला होता. अण्णा, म्हणजे माझे वडील, भाजी आणायला बाहेर पडले की ती घरातून त्यांच्या मोबाईलवर बोलके निरोप पाठवायची. ते सगळे मी अण्णांच्या इंटरनेटवरच्या खात्यात साठवून दिले आणि जागा भरते म्हणून मोबाईलमधले पुसून टाकले. रोज संध्याकाळी गॅलरीत खुर्ची टाकून अण्णा ते ऐकायचे. (चहा गार व्हायचा. गरम करून दिला, की तोही गार.)

तिथेच थांबलो असतो तर बरं होतं. पण कुणी खातं चोरलं तर? मी दुहेरी कुलूप घातलं: आधी पासवर्ड, मग सहा आकडी कोड. हा कोड एका ॲपमध्ये दिसतो आणि अर्ध्या मिनिटात बदलतो. लोक ते ॲप मोबाईलमध्ये ठेवतात. अण्णा मोबाईल रिक्षात विसरतात, देवळात विसरतात. एकदा तर मेथीच्या पिशवीसकट फ्रीजमध्ये सापडला. म्हणून मी ॲप कॉम्प्युटरवर टाकलं. कॉम्प्युटर काही रिक्षातून जात नाही! या हुशारीवर मी इतका खूश, की दर वेळी कोड मागितलाच पाहिजे अशीही सोय करून ठेवली.

मग रोजचा तमाशा. माझी बायको सुनंदा आतल्या खोलीतून आकडे ओरडायची, अण्णा गॅलरीत चष्मा शोधायचे आणि चौथ्या आकड्याला कोड बदलायचा. समोरच्या काकूंनी एकदा विचारलंच, "तुमच्याकडे रोज हाउजी असते का हो?" अण्णांची तक्रार नव्हती. शेवटी ती बोलायची ना.

खंडेनवमी आली. अंबडच्या कारखान्यात आम्ही मशीनला हार घालतो. घरी स्कूटर, विळी आणि कॉम्प्युटर. मी सोवळं नेसलो. हळद-कुंकू झालं, झेंडू झाला, अक्षता झाल्या. राहिलं रामकुंडावरून आणलेलं गंगेचं पाणी. ते फुलाने शिंपडायचं असतं, पण माझा हात पहिल्यापासून सढळ. त्यात कॅबिनेटचं झाकण उन्हाळ्यात गरम होतं म्हणून काढलेलं, ते तसंच.

"अहो, चालू आहे तो," सुनंदा म्हणाली.

मी म्हणालो, चालू यंत्राचीच तर पूजा करतात.

फट् आवाज झाला. आतून धूर निघाला. अण्णांना वाटलं धूप लावला; त्यांनी हात जोडले.

दुरुस्तीवाला म्हणाला, डिस्कसकट सगळं जळालं. ॲप नवीन टाकता येईल, पण कोड तयार करणारी तुमची किल्ली आतच गेली. अडीअडचणीसाठी वेगळे जादा कोड मिळतात, ते जपून ठेवले असतील ना? ठेवले होते. त्याच कॉम्प्युटरमध्ये.

खातं परत मिळावं म्हणून अर्ज केला. उत्तर आलं, हे खातं तुमचंच आहे याची आम्हाला खात्री पटत नाही. अण्णांनी ते हळूहळू वाचलं.

"मी मीच आहे हे आता कुणाला विचारू?" ते म्हणाले. "जिला विचारायचं ती गेली."

त्या संध्याकाळी बंद मोबाईल मांडीवर ठेवून ते गॅलरीत बसले. मी शेजारी बसलो. काय बोलावं सुचेना. मला! लग्नाच्या पंगतीत अख्ख्या भाऊबंदकीच्या नकला करणाऱ्याला!

"दिनू, तिची नक्कल येते तुला?" अण्णांनी विचारलं.

कुठला निरोप हवा ते विचारावं लागलं नाही. एकच तर ते पुन्हा पुन्हा लावायचे. मी घसा खाकरला आणि आईच्या आवाजात म्हणालो, "अहो, कोथिंबीर आणा. नि येताना वायरमनला सांगून या, अर्धे दिवे गेलेत. तोवर मी त्या दिनूला कशाला हात लावू देत नाही, आहे तेही घालवील तो."

अण्णांनी डोळे मिटले होते. तसेच म्हणाले, "पुन्हा म्हण. नि आवाज जरा चढव. तुझ्या बाबतीत ती एवढी मवाळ नव्हती."