पुढच्या दारावरचा कागद

आमच्या खोऱ्यात पुढचं दार दोनदाच उघडतं: नवा सोफा आत येताना आणि शवपेटी बाहेर जाताना. एरवी सगळी ये-जा स्वयंपाकघराच्या दारानं. डेल्फिया स्टॅलार्डचं पुढचं दार तर तिचा नवरा वेंडेल गेल्यापासून बंदच होतं.

डेल्फिया आमच्या शाळेच्या स्वयंपाकघरात सत्तावीस वर्षं आहे. कुठल्या मुलाच्या घरी रात्रीची चूल पेटत नाही, हे आम्हा शिक्षकांच्या आधी तिला कळायचं. मग त्याच्या ताटात एक बिस्किट जास्त पडायचं, "चुकून".

मे महिन्यातल्या एका गुरुवारी ती पुढच्या ओसरीवर कुंड्या टांगायला गेली आणि पाच मिनिटांत माझ्या स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. बोटांना माती, हातात चिकटपट्टीसकट कागद.

"बाई, हा तीन आठवडे दारावर होता. माझ्या दारावर!"

कोर्टाचं बोलावणं होतं. दारावर चिकटवलं की ते पोचलं, असा इथला कायदा. लोकांची थकलेली कर्जं विकत घेणाऱ्या, कधी नाव न ऐकलेल्या कंपनीचा दावा, तीन हजार आठशे डॉलर. तारीख उद्या सकाळी साडेनऊ.

"हे वेंडेलच्या आजारपणातलं क्रेडिट कार्डाचं कर्ज. फेडलं की मी! शेवटची पावती घरच्या बायबलात आहे, त्याच्या मरणाची तारीख लिहिलीय त्या पानात."

"मग उद्या ती घेऊन जायचं."

तिनं आधी कागदावरच्या कंपनीच्या नंबरावर फोन लावला. थोड्या वेळानं फोनवर हात ठेवून म्हणाली, "किती सज्जन माणूस! म्हणतो, आज दोनशे भरा, उद्या यायची तसदी घेऊ नका." पर्स उघडलीसुद्धा होती.

"उद्याची तारीख रद्द झाली का, विचार."

तिनं विचारलं. "तारीख आहेच म्हणतो. पण मी नाही गेले तरी चालेल."

"कुणाला चालेल?"

कागदावरची ओळ मी तिला वाचून दाखवली. हजर न राहणाऱ्याविरुद्ध निकाल लागू शकतो. आणि एकदा निकाल लागला, की पगाराचा पाव हिस्सा परस्पर कापून नेता येतो, पावती असो वा नसो. डेल्फियानं फोन ठेवला आणि पर्स बंद केली. "बाई, ताई ताई म्हणत होता हो मला!"

सकाळी शेजारच्या हर्शेल काउडननं माझ्या गाडीच्या चाकांत हवा भरून दिली. "जजला चावू नकोस गं, डेल्फिया," तो म्हणाला.

कोर्टात नावं पुकारली जात होती. नाव, शांतता, निकाल. नाव, शांतता, निकाल. कंपनीचा वकील मान वरही करत नव्हता. सव्वीस नावांत तिघांनी ओ दिली. उरलेल्यांतले निम्मे एके काळी माझ्या वर्गात बसलेले.

"हर्शेल काउडन."

शांतता. निकाल.

डेल्फियानं माझं मनगट घट्ट धरलं. ते सुटायच्या आत तिचंच नाव आलं.

"आहे! मी आहे इथे!" ती ओरडलीच.

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. "कर्ज मान्य आहे?"

"नाही, साहेब. फेडलंय."

सहा आठवड्यांनी सुनावणी ठरली. त्याआधी कंपनीनं आपले कागद लेखी द्यायचे, तिनं त्या दिवशी पावती दाखवायची. वकिलानं तेव्हा पहिल्यांदा वर पाहिलं.

बाहेर आल्यावर मी तिचं अभिनंदन करणार, तर ती सरळ कारकुनाच्या खिडकीशी. "जो आलाच नाही, त्याचं काय?"

"तीस दिवसांत फेरसुनावणीचा अर्ज. त्यानं स्वतः करायचा."

तिनं कोरा अर्ज मागून घेतला.

हर्शेल त्याच्या स्वयंपाकघराच्या दारात कॉफी पीत बसला होता. "काय, सोडलं का जजला जिवंत?"

ती घराला वळसा घालून पुढे गेली. आम्ही मागोमाग. पुढच्या दारावर थंडीचा वारा अडवायला ठोकलेलं प्लास्टिक अजून तसंच होतं आणि त्यावर पावसानं पिवळा पडलेला कागद.

हर्शेलनं कागदावरचं आपलं नाव बोट ठेवून वाचलं. "पण इथून कोण येतं, डेल्फिया? इथून कुणी कधी येतं का?"

तो पायरीवर बसला. डेल्फियानं अर्ज त्याच्या मांडीवर ठेवला आणि केसांत खोचलेलं पेन काढून त्याच्या हातात दिलं.

"नाव लिही आधी. निकाल लागलाय; तीस दिवस आजपासून मोजायचेत."