वाळवंटाकडे, व्हाया मेडनहेड

सर्व संबंधितांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, इंग्लंडातील स्लाऊ येथील एक पन्नाशीची, गुडघ्यांनी वेळोवेळी निषेध नोंदवलेली बाई वाळवंट पायी ओलांडण्यास सिद्ध झाली आहे. ती बाई मी. टाळ्या नंतर.

त्याचं असं झालं. माझ्या लेकीनं युनिव्हर्सिटीतून बाहेर पडल्या पडल्या जॉर्डनमधली एक लांबलचक पायवाट चालायचं ठरवलं. पाठीवर तंबू, पाठीवरच स्वयंपाकघर, आणि शेवट अकाबाला, समुद्रावर. बरोबर येणाऱ्या मैत्रिणीनं ऐन वेळी प्रेमात पडून माघार घेतली. मी भाजी फोडणीला टाकता टाकता म्हणाले, "मी येते की."

लेक हसली. मग थांबली, कारण मी हसत नव्हते. सप्टेंबरात तिची एडिंबरातली नोकरी सुरू होणार होती. त्यानंतर ती आमच्याकडे येणार ती पाहुण्यासारखी, परतीचं तिकीट काढून. तिच्याबरोबर चालायला मिळेल अशी एवढी एकच वाट उरली होती. ती नेमकी वाळूतून जात होती, त्याला मी काय करणार?

"ओके," ती इथे वाढलेल्या मुलांच्या मराठीत म्हणाली. "पण आधी ट्रायल. स्लाऊ ते मेडनहेड, फुल लोड. माझा बॅग मी उचलणार, तुझा बॅग तू. दहा किलोच्या वर गेलं तर मी एकटी जाते. नो ड्रामा."

इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात वर्षानुवर्षं नाटकं बसवणाऱ्या बाईला म्हणे नो ड्रामा!

पण मी शिस्तीत तयारी केली. टूथब्रशचा दांडासुद्धा अर्धा कापला. बॅग दहा किलोच्या आत सुखानं नांदत होती. मग बातमी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेली.

आपल्या लोकांत कुणी कुठे निघालं की 'कशाला?' असं कुणी विचारत नाही. 'कधी?' विचारतात, आणि पाठोपाठ पिशवी येते. पहिली पिशवी काकूंची. काकू म्हणजे आमच्या गल्लीतल्या रिटायर्ड डॉक्टरीणबाई. इथल्या हॉस्पिटलांत त्यांनी जन्म काढला. 'अजिबात दुखणार नाही हं' म्हणत त्या पेशंटना सुई टोचत, तशाच हसतमुखानं त्यांनी माझ्या टेबलावर एक स्टीलचं पुरणयंत्र ठेवलं.

"अकाबाला माझी भाची असते. नवरा तिथल्या बंदरावर नोकरीला. बिचारी मिक्सरमधून पुरण काढते गं."

"काकू, मी चालत जाणार आहे."

"तेच म्हणते मी! विमानापर्यंतच काय ती वजनाची कटकट. पुढे वाळवंटात कोण काटा घेऊन बसलंय?"

नाही म्हणणं शक्य होतं का? या देशात आल्यापासून माझं अर्धं स्वयंपाकघर दुसऱ्यांच्या बॅगांतून आलं आहे. माझ्या आईनं घातलेलं शेवटचं लोणचं काकूंनीच आपल्या साडीत गुंडाळून आणलं होतं. बरणी पाझरली, सिल्कवर हा एवढा डाग पडला, तर म्हणाल्या, "असू दे, डिझाइन आलं."

मी पुरणयंत्र उलटंसुलटं करून पाहिलं. भांडं होतं, दांडा होता, पण पुरण जिच्यातून उतरायचं ती जाळी एकही नव्हती.

"याच्या जाळ्या?"

"त्यांची सोय झालीय," काकू गूढ हसल्या.

शनिवारी आम्ही निघालो. पाऊस पडत होता. वाळवंटाची तालीम इंग्लंडात करायची तर त्याला इलाज नाही. डोक्यावर रुंद कडांच्या टोप्या, मानेवर उन्हाचा फडका, नाकाला सनस्क्रीन. तालीम रंगीतच हवी, असा लेकीचा हट्ट. (हा गुण कुणाचा, ते मी सांगत नाही.) नदीकाठच्या चिखलात कुत्रा फिरवणाऱ्या एका आजोबांनी आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"लांब निघालात?"

"वाळवंटात," मी म्हणाले.

"हो का," ते म्हणाले. "मग जरा जपून. पुलाच्या पुढे फार ओलं आहे."

लेक पुढे, मी मागे, आणि पुरणयंत्राचा दांडा दर पावलाला माझा मणका वाजवतोय. "आई, ओके ना?" असं तिनं विचारलं की मी शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात "फर्स्ट क्लास!" ओरडायची. मेडनहेडच्या अलीकडे एका बाकावर मी टेकले, आणि मला उठताच येईना. उताण्या कासवासारखे हातपाय तेवढे हलत होते.

लेकीनं खिशातून हुक काढला. सामान तोलायचा हा हुक इथल्या प्रत्येक देशी घरात असतो. त्यानं कित्येक संसारांची विमानतळावर होणारी शोभा टाळली आहे. माझी बॅग त्याला लटकली. लेकीनं आकडा मोठ्यानं वाचला नाही. वाईट रिपोर्ट हातात आलेल्या डॉक्टरसारखी ती क्षणभर नदीकडे पाहत राहिली. मग तिनं बॅग उघडली आणि दांड्याला धरून पुरणयंत्र भर पावसात वर काढलं.

मी स्टेजवर पुष्कळदा मेले आहे. एकही मरण इतकं वठलं नव्हतं.

"काकूंची भाची," मी पुटपुटले. "अकाबाला असते. मला नाही म्हणता आलं नाही गं. तू जा एकटी. मला फक्त या बाकावरून उठव."

तिचा चेहरा लालबुंद झाला होता. मला वाटलं, रागानं. मग तिनं स्वतःची बॅग खाली ठेवली, स्लीपिंग बॅगच्या पोटात कोपरापर्यंत हात घातला आणि वर्तमानपत्रात बांधलेलं एक गोल पुडकं बाहेर काढलं. आत जाळ्या. बारीक, मध्यम, जाड. काकूंनी तिला बसस्टॉपवर गाठलं होतं.

"तूसुद्धा?"

"त्या म्हणाल्या, वाटेतच आहे!"

तिनं मधली जाळी भांड्यात बसवली. खट्‌कन बसली. दांडा फिरवून पाहिला. वरून पाऊस आत पडत होता आणि खालून बारीक होऊन बाहेर. मागून आलेले कुत्रेवाले आजोबा थांबले, त्यांनी पुरणयंत्र पाहिलं, आम्हाला पाहिलं, आणि काहीही न विचारता टोपीला हात लावून पुढे गेले.

लेकीनं हुक खिशात टाकला आणि वैतागून ओरडली, "आता तुला न्यायलाच लागेल ना, आई! नुसत्या जाळ्या घेऊन गेले तर त्या भाचीला काय सांगू?"