कुकरताईनं घडवलेला भाऊ

कुकरताईला तिचं खरं नाव विचारलं असतं तर तिलाही क्षणभर आठवावं लागलं असतं. दोघं बसले की तिसऱ्यानं उभंच राहावं, एवढंसं तिचं दुकान. तिथं कुकर आणि स्टोव्ह दुरुस्त व्हायचे, आणि होईपर्यंत घरोघरच्या भानगडीही शिजून निघायच्या. कुकरला पडलेला पोचा बघून ताई सांगायची, हा हातातून निसटलाय की नवऱ्याच्या दिशेनं गेलाय.

आईवडील गेले तेव्हा धाकटा भाऊ गुडघ्याएवढा होता. ताई त्याला दुकानातच बसवायची. त्यानं भोकाड पसरू नये म्हणून एकेक भाग त्याच्या हातात द्यायची नि विचारायची, "हे कशासारखं रे?"

"शिट्टी चिमणीसारखी. ओरडते."

"आणि रबर?"

"बांगडी!"

ताई हसायची, पण सोडायची नाही. "दिसण्यावर जाऊ नकोस, सोन्या. ते करतं काय, ते बघ."

काही वर्षांनी त्याच शिट्टीकडे बघून तो म्हणाला, "ही दारावरच्या रखवालदारासारखी. एरवी कुणाला सोडत नाही, आत फारच रेटारेटी झाली की थोड्यांना बाहेर काढते." ताईनं हे वाक्य समोरच्या न्हाव्याला ऐकवलं, शिंप्याला ऐकवलं आणि ज्यांना कुकरशी देणंघेणं नव्हतं त्यांनाही ऐकवलं.

मग एकदा एक माळी फवारणीचा पंप घेऊन आला. "हे आपलं काम नाही," ताई म्हणाली. पोरगा म्हणाला, "थांब ना. स्टोव्हच्या पंपातला कातड्याचा वायसर सुकला की हवा मागे येते, दांडा दाबताना हाताला जोरच लागत नाही. इथंही लागत नाहीये. दुखणं तेच." त्यानं वायसरला तेल पाजलं, दांडा दाबला, आणि पहिला फवारा न्हाव्याच्या गिऱ्हाइकाच्या साबण लावलेल्या गालावर गेला. न्हावी शिव्या देत होता आणि ताईच्या डोळ्यांत पाणी होतं. पोरगं आता न पाहिलेल्या वस्तूलाही पाहिलेल्या वस्तूच्या अंगानं ओळखायला लागलं होतं.

असा तो मोठा झाला. मोठा झाला तसा भांडायलाही लागला. चहात साखर किती, कुठलं काम आधी, सगळ्यात वाद! पण अलीकडे एकदम गार पडला होता. काहीही म्हणा, "तू म्हणशील तसं, ताई." ताई कौतुकानं सांगत सुटली, भाऊ सुधारला. आता बघा गंमत. हीच बाई गिऱ्हाइकांना बजावायची, "झाकण अलगद बसलं म्हणून खूश होऊ नका. रबर ढिलं झालंय. कुरकुरत बसतं तेच झाकण वाफ धरतं."

एका सकाळी घरमालकीणबाई दुकानात आल्या, रिकाम्या हातानं. त्यांनी ताईच्या तोंडापुढे बोटं नाचवली.

"कोण मी, सांग बरं?"

"सकाळी सकाळी काय झालं तुम्हाला?"

"अगं, ही बोटं किती?"

"तीन. आणि मधल्या बोटातली अंगठी नवी आहे. कुणी दिली?"

बाईंनी हात चटकन मागे घेतला. "म्हणजे दिसतंय की तुला! तुझा भाऊ तर यांना म्हणाला, ताईला आता दिसत नाही, परवा व्हॉल्व उलटा बसवला, कुणाला भाजलं तर तुमच्याही गळ्याशी येईल. म्हणून यांनी दुकानाची भाडेपावती त्याच्या नावावर करायचं कबूल केलं. तुला ठाऊक नाही?"

ताईच्या हातातला पाना हातातच राहिला. तिच्या कानात एवढंच वाजत होतं, तू म्हणशील तसं, ताई. लोकांच्या झाकणात जे तिला दिसायचं, ते घरच्या माणसात दिसलं नव्हतं. गोड बोलतो म्हणजे गोड आहे, एवढंच तिनं बघितलं, त्या गुडघ्याएवढ्या पोरासारखं.

तेवढ्यात धाकटा चहा घेऊन आला. बाई हलल्या नाहीत. असा तमाशा सोडून कोण जाईल?

"माझे डोळे गेले काय रे?"

त्यानं कप खाली ठेवले. नाही म्हणाला नाही. "ताई, रबर जुनं झालं की तू फाटायची वाट बघतेस? आधीच बदलतेस. त्यात रबराचा अपमान नसतो. कुकर चालू राहायला हवा, बस्स. तसंच आहे हे."

एकेक भाग जिथल्या तिथं बसलेला. इतकं नेमकं तो आजवर बोलला नव्हता. ऐकताना ताई क्षणभर चक्क सुखावली, आणि पुढे कितीतरी दिवस तिला सगळ्यात जास्त सललं ते हेच.

"शाबास," ती म्हणाली. "पण जुनं रबर खरंच झिजलेलं असतं रे. त्याच्याबद्दल खोटं पसरवावं लागत नाही. आणि त्यानं नव्या रबराला घास भरवून वाढवलेलं नसतं. सारखं काय, ते मी तुला शिकवलं. कुठं सारखं नाही, ते राहूनच गेलं."

ती तडक घरमालकाकडे गेली, मागोमाग मालकीणबाईही. त्यांच्या औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं तिनं घडाघडा वाचली. मालक ओशाळले. "मला बनवलं त्यानं. तुम्ही म्हणा, आजच बाहेर काढतो."

दुकान परत मिळत होतं, एका शब्दावर. ताईनं पदरानं घाम पुसला.

"काढू नका. त्याला दुसरं काही येत नाही. पण त्याच्या शेजारी बसणं आता मला जमायचं नाही. मी घरी काम करीन. फक्त माझे डोळे शाबूत आहेत, एवढं लोकांना कळू द्या."

"ते माझ्यावर सोड," मालकीणबाई म्हणाल्या. आणि काम योग्य हाती पडलं होतं.

धाकटा आजही त्या दुकानात बसतो. येणारी प्रत्येक बाई कुकर हातात देण्याआधी विचारते, "काय रे, बहिणीचे डोळे कसे आहेत?" तो वर न बघता म्हणतो, "बरे आहेत."